नर्सबाईचे मासिक

कपाशीवर कीड दिसली की आपला शेतकरी गप्प बसत नाही. शेजाऱ्याला विचारतो, कृषी अधिकाऱ्याला गाठतो, शेतकी मासिकाची पाने चाळतो. काल लागू पडलेले औषध आज पडेलच असे नाही, हे त्याला ठाऊक असते. बीटी कपाशीला बोंडअळीची भीती नाही असे सांगितले जाई. पुढे गुलाबी बोंडअळीने तीही पोखरली. शेतीचे ज्ञान असे जुने होते. आरोग्याचेही होते. म्हणून या वेळी आम्ही नर्सबाईंच्या वाचनाविषयी लिहीत आहोत.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात बेला, जैनद, नारनूरकडच्या वाड्यांना डॉक्टर दूर पडतो, उपकेंद्राची नर्सबाई जवळ असते. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी ठोकताळा आहे. तिथल्या बाईंना एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका म्हणतात. १९७७ च्या फेररचनेनंतर त्यांचे शिक्षण दीड वर्षाचे होते. आता ते दोन वर्षांचे आहे. इस्पितळातल्या नर्सपेक्षा शिक्षण कमी, पण गरोदर बाई, तान्हे मूल, लस, हगवण, ताप हे सारे आधी त्यांच्याच दारी येते.

एकदा प्रमाणपत्र मिळाले की शिक्षण संपले, असे आपण धरून चालतो. एकच उदाहरण पाहू. १९९५ साली शिकलेल्या बाईंना हगवणीत मिठासाखरेचे पाणी द्यावे हे उत्तम येत असे. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी मिळून सांगितले की क्षारसंजीवनीच्या पाण्याबरोबर मुलाला १० ते १४ दिवस झिंकही द्यावे. त्याने हगवण लवकर आटोक्यात येते आणि पुढचे काही महिने ती पुन्हा होण्याचा संभव कमी होतो. ही गोष्ट त्या बाईंच्या जुन्या पुस्तकात कशी असणार? ती त्यांच्यापर्यंत पोहोचते ती वरिष्ठांच्या बैठकीतून, उजळणी वर्गातून, नाहीतर छापील कागदातून. बैठकीत ऐकलेले विसरते. छापील पान पुन्हा उघडता येते.

नर्सांनी हे फार पूर्वी ओळखले. अमेरिकेत ऑक्टोबर १९०० मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग' निघाले, त्यासाठी नर्सांनी स्वतः पैसे घातले होते. आपल्या देशात प्रशिक्षित नर्सांची संघटना १९०८ साली उभी राहिली आणि १९१० साली 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' सुरू झाले. अमेरिकेत कमी मुदतीचे शिक्षण घेतलेल्या नर्सला प्रॅक्टिकल नर्स म्हणतात. त्यांच्या शिक्षणासाठी १९४१ साली वेगळी संस्था निघाली आणि पुढे त्यांचे स्वतंत्र मासिकही झाले. लहान पायरीवरच्या कामालाही स्वतःचे शास्त्र आहे, हे त्यातून मान्य झाले.

मानाचा प्रश्न इथेच येतो. डॉक्टरांच्या टेबलावर मासिक दिसले तर आपण म्हणतो, अभ्यासू माणूस आहे. नर्सबाई वाचताना दिसल्या तर म्हणतो, काम नाही वाटते! हे बरे नव्हे. मासिकातून नवे उपचार कळतात, आपले हक्क आणि जबाबदाऱ्या कळतात, दुसऱ्या गावच्या बाईंनी अडचणीतून कशी वाट काढली तेही कळते. असे वाचणारी बाई डॉक्टरांपुढे नेमके बोलू शकते, आणि रोग्याला वेळेवर पुढे पाठवू शकते.

अडचण भाषेची आहे. 'नर्सिंग जर्नल' इंग्रजीत निघते. सिकंदराबादहून १९८८ पासून निघालेले 'हेल्थ ॲक्शन' हेही इंग्रजीतच. आपल्या बाई मराठी, तेलुगू, गोंडी बोलणाऱ्या घरांत फिरतात. त्यांच्या पिशवीत त्यांच्या भाषेतले पान असायला हवे.

आपल्याला काय करता येईल? गावातील शिकलेल्या मुलामुलींनी महिन्यातून एकदा उपकेंद्रात बसून एखादा उपयोगी लेख सोप्या भाषेत उतरवून द्यावा. तो बाईंनी तपासल्याशिवाय भिंतीवर लावू नये, कारण औषधाच्या मात्रेत एका शून्याची चूकही जिवावर बेतते. एका मासिकाची वर्गणी दोन-चार घरांनी मिळून भरावी.

आणि घरातल्यांनी एवढे लक्षात ठेवावे: मुलाला हगवण लागली तर क्षारसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात कालवावे, ते पाणी २४ तासांत संपवावे, अंगावरचे दूध थांबवू नये. झिंकची गोळी बाईंना विचारून घ्यावी. मूल मलूल झाले, पाणीही पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.