सितो मठातील रंगीत अक्षरे

बायबलच्या जुन्या करारातील ईयोब हा सज्जन मनुष्य. अपराध नसतानाही त्याच्यावर दुःखाचे डोंगर कोसळतात. त्याच्या कथेवर पोप पहिले ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये ३५ भागांचे भाष्य लिहिले. मध्ययुगीन मठांतून ते आवर्जून वाचले जाई. त्याच्या अनेक प्रतींत फ्रान्समधील सितो मठाची प्रत मात्र निराळी ठरते.

१०९८ मध्ये स्थापन झालेल्या या मठाचे व्रत साधेपणाचे आणि अंगमेहनतीचे. तरीही मठाधिपती स्टीफन हार्डिंग यांच्या काळात, ११११ च्या सुमारास चर्मपत्रावर सिद्ध झालेल्या या प्रतीत आद्याक्षरे रंगांनी नटली. ही निव्वळ नक्षी नव्हे. एका 'क्यू'मध्ये भिक्षू ओंडका फोडताना दिसतात. 'आय' म्हणजे तर एक उंच झाडच! वर एक जण फांद्या छाटतो आहे आणि बुंध्याशी फाटक्या झग्यातील भिक्षू कुऱ्हाड चालवतो आहे. ईयोबाच्या कथेत यातले काही नाही. चित्रकाराने मठातील रोजचे कष्टच अक्षरांत बसवले.

पुढे बाराव्या शतकाच्या मध्यास याच संप्रदायाने नियम केला, की अक्षरे एकरंगी असावीत, त्यांत चित्रे नसावीत. व्रताशी तो सुसंगतच होता. पण त्यामुळे मठाच्या लेखनशाळेतील हा खेळकरपणा संपला. आधीची चित्रे मात्र शाबूत राहिली. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर मठाची मालमत्ता सरकारजमा झाली आणि हे ग्रंथ दिजाँच्या नगर ग्रंथालयात पोहोचले. आजही ते तेथेच आहेत.