अपंग बिबट्याचे पालकत्व

प्रवरेच्या पाण्यावर अकोले तालुक्यात ऊस वाढला आणि त्या उसाच्या आडोशाने बिबट्या गावाच्या शिवारात कायमचा वस्तीला आला. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेली पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्याच भागात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात. त्यांच्या भक्ष्यात शेळ्यांपेक्षा गावातील कुत्र्यांचा वाटा कितीतरी मोठा होता. येथील आदिवासी बांधव वाघबारशीला वाघोबाची पूजा करतात. हे सान्निध्य नवे नाही. पण ते नेहमीच निर्धोक असते असेही नाही.

या सान्निध्याची किंमत कधी माणूस मोजतो, कधी जनावर. रानडुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्याचा पाय अडकतो. जखम चिघळली की पाय कापावा लागतो. रस्त्यावर वाहनाची धडक बसते, कुणाची दृष्टी जाते. तीन पायांच्या वा आंधळ्या बिबट्याला रानात सोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणे, किंवा सहज हाती लागेल अशा भक्ष्याकडे, म्हणजे वस्तीकडे, ढकलणे होय. अशा प्राण्यांसाठी शेजारच्या जुन्नर तालुक्यात माणिकडोह येथे वन विभागाचे निवारा केंद्र आहे. २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था त्याच्या कामात सहभागी झाली. तेथे आलेल्या अपंग बिबट्याला बहुधा आयुष्यभर तेथेच राहावे लागते. बंदिस्त बिबट्या वीस वर्षांपर्यंतही जगतो. रोजचे मांस, औषधोपचार, पिंजऱ्याची निगा हा सारा खर्च तितकी वर्षे चालतो.

मग अशा प्राण्याला दत्तक घेता येईल काय? घरी नेऊन मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये खासगी व्यक्तीस बिबट्या पाळता येत नाही. येथे दत्तक घेणे म्हणजे पोषणाचा भार उचलणे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ही पद्धत रुळली. २०२१ साली केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी तेथील ‘सिंबा’ या बिबट्याचे एका वर्षासाठी पालकत्व घेतले. बिबट्याचे वार्षिक शुल्क एक लाख वीस हजार रुपये असे. त्याच दराने वीस वर्षांचा हिशेब चोवीस लाखांवर जातो, आणि तोही एकाच जनावराचा!

म्हणूनच प्राणी पिंजऱ्यात जाण्याआधीच्या गोष्टी अधिक मोलाच्या ठरतात. ऊसतोडीच्या हंगामात फडात बिबट्याची पिले सापडतात. आई जवळपासच असते. पण पोरकी समजून कुणी ती उचलून घरी आणतो, मुले त्यांना दूध पाजतात, छायाचित्रे काढली जातात. हेतू दयेचा असला तरी परिणाम उलटा होतो. पिलू आईजवळ सुमारे दीड-दोन वर्षे राहून शिकार शिकते. माणसाने वाढविलेल्या पिलाला ना शिकार येते, ना माणसाची भीती राहते. धडधाकट जन्मलेला जीव अशा रीतीने जन्मभराचा परावलंबी होतो.

यावर उपाय साधा आहे. तोड थांबवून वन विभागास कळवावे. त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. कर्मचारी पिले पेटीत ठेवून संध्याकाळी त्याच जागी नेतात आणि दूर राहून कॅमेऱ्याने लक्ष ठेवतात. पुष्कळदा रात्रीतून आई त्यांना घेऊन जाते. कधी सापडलेले पिलू बिबट्याचे नसून वाघाटीचे, म्हणजे जगातील सर्वांत लहान रानमांजराचे निघते. त्यालाही हीच रीत लागू.

विहिरींचेही तसेच. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ हा वयस्क बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईजवळच्या जंगलात पोहोचला. २०११ साली तो महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला. पण दरम्यानची दोन वर्षे तो मोकळा जगला. विहिरीत पडताना त्याचा पाय मोडला असता तर ते चालणे झालेच नसते. उघड्या विहिरीला कमरेइतका कठडा बांधणे, ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहेत, आणि त्याचा लाभ बिबट्याआधी गावातल्या लेकरांना व गुरांना होतो.