सदरा किती पाणी पितो?

काल दिवसभरात तुम्ही किती पाणी वापरलेत, असे कोणी विचारले तर तुम्ही बादल्या मोजू लागाल. आंघोळीची एक, कपड्यांची एक, पिण्याचे चार तांबे, भांड्यांना लागले असेल त्यातला आपला वाटा. बेरीज फार तर ५०-६० लिटर. आपल्या जालना जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या गावांनी टँकरचे पाणी घागरीने मोजून घेतले, तेथे हा आकडा याहूनही लहान होता. पण खरे उत्तर निघते सुमारे ३,००० लिटर!

उरलेले पाणी गेले कोठे? काही तुम्ही खाल्लेत, काही अंगावर घातलेत. भाकरीची ज्वारी, चहातली साखर, सदऱ्याचा कापूस हे सारे पाण्यावर वाढलेले. असे उघड आणि छुपे मिळून एका माणसासाठी जेवढे पाणी खर्ची पडते, त्याला त्याची ‘पाण्याची पाऊलखूण’ म्हणतात. ही कल्पना नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ आर्येन हुक्स्त्रा यांनी २००२ मध्ये मांडली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे भारतीय माणसाची सरासरी पाऊलखूण वर्षाला १,०८९ घनमीटर भरते. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. आता ३६५ ने भागून पाहा.

पीक एवढे पाणी करते तरी काय? उन्हातल्या कडुनिंबाच्या एखाद्या डहाळीवर कोरडी, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि तिचे तोंड सुतळीने घट्ट बांधा. दोन-तीन तासांनी पिशवीच्या आतल्या बाजूस थेंब जमलेले दिसतील. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा ९५ भागांहून अधिक पाणी असे पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन जाते. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात. शेतातून उडालेल्या या पाण्याला पिकाच्या उत्पन्नाने भागले, की दर किलोचा आकडा मिळतो. जगाची सरासरी घेतली तर एक किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लिटर पाणी पडते. पाव किलोचा सदरा असेल तर २,५०० लिटर. जेथे कापसाचा उतारा कमी, तेथे भागाकार मोठा येतो, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

आता एक सोपे गणित करू या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी होते. जालना जिल्ह्यात सरासरीने वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे दर चौरस मीटरला ७०० लिटर. तुमच्या पाऊलखुणेला ७०० ने भागले तर सुमारे १,५५५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेपंधरा गुंठे येतात. तेवढ्या जमिनीवर वर्षभर पडलेला थेंबन् थेंब तुमच्या एकट्याच्या नावे! घरात पाच माणसे असतील, तर दोन एकरांत फारसे काही उरत नाही.

परंतु नुसत्या आकड्याने फसगत होते. जगाच्या सरासरीने एक किलो ज्वारीला सुमारे ३,००० लिटर आणि गव्हाला सुमारे १,८०० लिटर पाणी लागते. मग भाकरी सोडून पोळी खावी काय? घाई करू नका. शास्त्रज्ञ या पाण्याला रंग देतात. मातीत मुरलेला पाऊस पिकाने तेथेच वापरला तर ते हिरवे पाणी. विहीर, नदी, धरण यांतून उपसले तर ते निळे. खते आणि सांडपाणी यांमुळे झालेले प्रदूषण सौम्य करण्यास जेवढे लागेल, ते करडे. ज्वारीच्या ३,००० लिटरांत निळे पाणी जेमतेम १०० लिटर आहे. गव्हाच्या १,८०० त मात्र सुमारे ३४०. आपल्याकडची रब्बी ज्वारी तर काळ्या मातीने पावसाळ्यात साठवलेल्या ओलीवर उभी राहते. गव्हाला पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. टँकर बोलवायची वेळ येते ती निळे पाणी संपल्यावर. मोसंबीचे झाड बारमाही. उन्हाळ्यात त्याला विहिरीचा आधार हवाच. २०१२ मध्ये पाऊस फिरकला नाही, विहिरी आटल्या आणि जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळून गेल्या.

निळे पाणी साठवावे कसे? जालना तालुक्यातील कडवंची गावाने १९९० च्या दशकात, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साहाय्याने, पाणलोटाची कामे केली. पुढे तेथे शेततळी झाली आणि त्यांच्या जोरावर द्राक्षबागा आल्या. मात्र तळ्याला ऊन लागते, हे विसरून चालणार नाही. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते. मे महिन्यात एका चौरस मीटरवर दिवसाला जवळजवळ अडीच कोटी जूल ऊन पडते. म्हणजे सुमारे १० लिटर, अर्थात १० मिलिमीटर पाणी उडू शकेल. काही ऊन परावर्तित होते खरे, पण कोरडा, तापलेला वारा ती तूट भरून काढतो. ३० मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद तळ्यातून या दराने दिवसाला ९,००० लिटर पाणी नाहीसे होते! म्हणून पावसाळ्यातला ओढा अडवून भरलेले तळे मला पटते. बोअरवेलमधून, जमिनीच्या पोटातल्या सावलीतले पाणी वर काढून उन्हात पसरून ठेवणे मुळीच पटत नाही.

आपल्या हाती काय आहे? ताटात अर्धी भाकरी टाकलीत, तर ५० ग्रॅम ज्वारीबरोबर १५० लिटर गेले. चहात १० ग्रॅम साखर म्हणजे सुमारे १८ लिटर, आणि महाराष्ट्रातला ऊस मुख्यतः ओलिताचा, म्हणजे निळ्या पाण्याचा. सदरा दोन वर्षांऐवजी तीन वर्षे वापरलात, तर वर्षाचा भार १,२५० लिटरांवरून सुमारे ८३० वर येतो.

आणि गळका नळ? त्याच्याखाली वाटी ठेवून घड्याळ पाहा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरांहून थोडे अधिक. वर्षाला सुमारे दीड हजार लिटर. हे सारे निळे पाणी, आणि जालना शहरातल्या नळाला तर ते पैठणच्या जायकवाडी धरणातून वीज जाळून आणलेले असते. नळाचा वायसर मिळतो काही रुपयांना.