हसताना गळून पडणारा रुग्ण : अपस्मार की कॅटाप्लेक्सी?

मोठ्याने हसताना एकाएकी मान खाली पडते, जबडा सैल होतो, गुडघे लटपटतात व रुग्ण जमिनीवर कोसळतो. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत तो पूर्ववत होतो. असा वृत्तान्त ऐकताच आपण अपस्माराचे निदान करतो. घरची मंडळी 'बाहेरचे' काही असावे असे मानतात. त्यापूर्वी वैद्यबंधूंनी एक प्रश्न अवश्य विचारावा : 'पडलास तेव्हा भोवतालचे बोलणे ऐकू येत होते का?'

अपस्मारात स्मृतीचा नाश प्रधान, मूर्च्छेत संज्ञानाश. कॅटाप्लेक्सीत मात्र दोन्ही शाबूत राहून केवळ मांसपेशींचे बल क्षणभर हरपते. हास्य हे प्रमुख निमित्त. क्रोध वा आश्चर्यानेही वेग येतो. स्वप्नावस्थेत स्नायू स्वभावतः शिथिल होतात. तेच शैथिल्य येथे जागेपणी अवतरते. जागृती टिकविणारे ओरेक्सिन हे द्रव्य १९९८ मध्ये ज्ञात झाले आणि २००० मध्ये नार्कोलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूत ते निर्माण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास आढळला.

दुसरा प्रश्न दिवसा येणाऱ्या अनावर झोपेचा. आपल्या बीड जिल्ह्यात गफलत होते ती येथेच. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे फडात उतरणारा, रात्री गाडी भरणारा मजूर दिवसा पेंगला तर नवल नाही. गावी परतून पुरेशी झोप मिळताच ती पेंग जाते; नार्कोलेप्सीतील झोप पावसाळ्यात घरी असतानाही जात नाही. व्याधीचा आरंभ बहुधा किशोरवयात वा तारुण्यात होत असल्याने वर्गात झोपणारा मुलगा आळशी ठरतो. कफज अतिनिद्रा समजून आपणही केवळ शोधन करीत राहिलो, तर वर्षे वाया जातात.

दोन्ही उत्तरे होकारार्थी आल्यास रुग्णास मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. रात्रीची निद्रापरीक्षा व दुसऱ्या दिवशी झोप लागण्याच्या कालावधीची चाचणी यांवरून निदान निश्चित होते. तेथे सुरू झालेली औषधे अकस्मात बंद करवू नयेत, वेग वाढतात.

आपले कार्य पथ्याचे. झोपेची वेळ नियमित असावी. दिवास्वप्न वर्ज्य हा आपला नित्याचा उपदेश येथे बाजूस ठेवून ठरावीक वेळी अल्प निद्रा घेऊ द्यावी. वेग आटोक्यात येईपर्यंत विहीर, ट्रॅक्टर, चूल व कोयता यांपासून रुग्णास दूर ठेवावे. घरच्यांना मात्र एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो : हा मुलगा ढोंग करीत नाही, आणि त्याचे हसणे थांबविणे हा उपाय नव्हे.