पाणी दारात येण्याआधीचा आकडा

कृष्णाकाठी पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ सांगलीच्या या पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. तिकडे कोल्हापुरात लोक राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण ते सांगतात नदीचं. तुमच्या उंबऱ्याला पाणी किती फुटांवर लागतं, हे त्यातून कळत नाही. सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल वस्त्यांत आणि कोल्हापूरच्या सुतारवाड्यात धोका पातळीच्या कितीतरी आधी बोचकी बांधावी लागतात, तर गावभागातला माणूस त्या वेळी पूर बघायला घाटावर उभा असतो. म्हणून पूरग्रस्त भागातल्या प्रत्येक घराला स्वतःचा एक आकडा हवा: पुलाजवळ अमुक फूट झाले की आपण निघायचं. माझ्या मते घरच्या आपत्ती व्यवस्थापनात याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही. बॅग, बॅटरी, बिस्किटं हे सगळं त्यानंतरचं.

तो आकडा आधीच ठरवायचा, कारण ऐनवेळी माणूस आठवणीवर विसंबतो. २००५ च्या महापुरात पाणी ज्या पायरीपर्यंत आलं होतं, ती पायरी सांगली-कोल्हापूरच्या लोकांनी मनात कायमची कोरून ठेवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं तेव्हा घराघरांत एकच वाक्य ऐकू येत होतं: ‘२००५ ला इथवर आलं होतं, त्याच्या वर काय येणार?’ त्या भरवशावर लोकांनी सामान त्या खुणेच्या हातभर वर ठेवलं आणि माणसं घरातच थांबली. आयर्विनजवळ त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ पेक्षा कितीतरी जास्त. कोल्हापुरात पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. मग २०१९ ची खूण ही नवी हद्द ठरली आणि दोनच वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगा त्याही वर गेली. चिपळूणमध्येही २००५ चीच खूण लोकांच्या मनात होती. २२ जुलै २०२१ च्या पुराने ती बुडवली. मागच्या पुराची रेघ एवढंच सांगते की पाणी इथवर येऊ शकतं. त्याच्या वर येणार नाही, असं ती कधीच सांगत नाही.

नदीचा स्वभावही बघावा लागतो. कृष्णेचा पूर सावकाश चढतो. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला कित्येक तास लागतात, विसर्गाचे आकडे आधी जाहीर होतात, म्हणजे निघायला वेळ मिळतो. तो वेळ आपणच ‘बघू की अजून’ म्हणत घालवतो. नृसिंहवाडीला पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला की काठावरचा माणूस पाण्याला हात जोडतो. पाण्याशी असं नातं असलेल्यांना त्याची भीती लवकर वाटत नाही, हेही समजून घ्यायला हवं. चिपळूणच्या वाशिष्ठीचा पूर असा सावकाश चढत नाही. डोंगर जवळ, खाडी जवळ. रात्रभर घाटात कोसळलेला पाऊस आणि त्यात भरती आली की काही तासांत बाजारपेठ पाण्याखाली. अशा गावात फुटांची वाट बघत बसता येत नाही. मुसळधार पाऊस, भरतीची वेळ आणि रात्र हे तिन्ही जुळत असेल तर संध्याकाळीच म्हाताऱ्यांना आणि मुलांना उंचावरच्या नातेवाइकांकडे पोचवावं. चार वेळा उगाच जाणं झालं तरी चालेल.

खेड्यात लोक का निघत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा गोठ्यात असतं. २०१९ मध्ये चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत माणसं जनावरांपायी अडून राहिली. म्हैस होडीत चढत नाही आणि तिला सोडून घरधनी चढत नाही. त्यामुळे घराचा बेत गोठ्यापासून आखला पाहिजे. जनावरं न्यायची कुठे, तिथे वैरण कोण देणार, टेम्पो कुणाचा, हे मिरगाच्या आधी ठरलेलं असावं आणि माणसांच्या आकड्यापेक्षा जनावरांचा आकडा दोन-तीन फूट खाली धरावा. हलवणं अगदीच जमलं नाही तर निदान दावी सोडावीत. बांधलेलं जनावर जागीच बुडतं. उशीर झाला की काय होतं ते पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळने ८ ऑगस्ट २०१९ ला दाखवलं. पुरातून बाहेर पडणाऱ्यांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले.

आता सामान. घर सोडताना एकच पिशवी खांद्याला असावी. तिच्यात आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, विम्याचे आणि घराचे कागद प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवावेत आणि त्यांचे फोटो परगावच्या नातेवाइकालाही पाठवून ठेवावेत. रोजच्या गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या, डॉक्टरांची चिठ्ठी, जादा चष्मा, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक, पॅड, गूळ-शेंगदाणे. सुट्ट्या नोटा विसरू नयेत. वीज आणि नेटवर्क गेलं की एटीएमही बंद आणि क्यूआर कोडही. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहिलेले हवेत: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७.

ज्यांच्या घरात पाणी येत नाही, त्यांनाही तयारी चुकत नाही. २०१९ मध्ये कोल्हापूरचे पाणी उपसा पंप बुडाले आणि पुराने वेढलेल्या शहरात नळ कोरडे पडले. महामार्ग बंद झाल्याने दूध, पेट्रोल, गॅस अडला. उंचावरच्या घरांनीही पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर या हिशेबाने आठवड्याचं साठवून ठेवावं.

निघताना मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टाकी बांधलेली. सिलिंडर पाण्यावर तरंगतो, आपटतो. परतल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावू नये. कपाटामागे, अंथरुणात साप असतात. काठीने चाचपल्याशिवाय हात घालू नये. पाणी उकळूनच प्यावं. चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर लेप्टोच्या गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारावं. आणि चिखल काढायच्या आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे, भिजलेल्या मालाचे फोटो काढावेत. पंचनामा आणि विमा, दोन्हीला ते लागतात.

विम्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. गाडीचा विमा काढणारा माणूस घराचा काढत नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तीत पूर, वादळ, दरड आणि भूकंपही येतो, आणि घराचा विमा घेतला की आतल्या सामानालाही विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. नदीकाठच्या दुकानदारांनी मालाचा वेगळा विमा विचारावा.

हे सगळं ठरवायचं कधी? दिवाळीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात, कपाटं उघडतात, कागदांच्या पिशव्या हाती लागतात आणि परगावची माणसंही घरी असतात. याच चार दिवसांत गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा, किती फुटांना पाणी कुठे आलं होतं. त्यातून आपला आकडा ठरवा, सर्वांदेखत दाराच्या आतल्या बाजूला लिहा, आणि तो आला की कुणाचंही न ऐकता निघा.