विसार दिल्यापासून उताऱ्यावर नाव चढेपर्यंत

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पाचशे रुपयांचा बाँड, त्यावर सह्या, अंगठे आणि नोटरीचा लाल शिक्का. "हे माझ्या घराचं खरेदीखत," ताई म्हणाल्या. चार वर्षांपूर्वी गटाचं कर्ज आणि दोन शेळ्या विकून आलेला पैसा घालून त्यांनी गावठाणातलं घर घेतलं. मालक आता वारले. बाहेरगावी दिलेल्या त्यांच्या दोन लेकी येऊन म्हणतायत, आमच्या बापाच्या घरात आमचा हिस्सा आहे.

मला सांगायला जड गेलं, पण तो कागद खरेदीखत नव्हता. नोटरी फक्त एवढंच सांगते, की या माणसानं माझ्यासमोर सही केली. घराची मालकी तेवढ्यानं बदलत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे घराची खरेदी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावीच लागते. आपण त्याला 'रजिस्टर करणं' म्हणतो. ताईंना आता नव्यानं दस्त करावा लागणार, तोही सगळ्या वारसांच्या पाया पडून, आणि मुद्रांक आजच्या भावानं भरून.

म्हणून आज सौदा कसा ठरवायचा ते सांगत नाही. विसार दिल्यानंतर काय करायचं तेवढंच सांगते. आपल्या बायका फसतात त्या तिथंच.

पहिलं, विकणारा कोण ते बघा. घर वडिलोपार्जित असेल तर त्यात लेकींचा हक्क असतो. २००५ च्या दुरुस्तीनं तो मुलाइतकाच झाला. तेव्हा सगळ्या भावांबरोबर सगळ्या बहिणींच्याही सह्या खरेदीखतावर हव्यात, नाहीतर त्यांचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. "बहिणीचं काही म्हणणं नाही" असं भाऊ सांगतो, त्यावर जाऊ नका. म्हणणं नसेल तर सही करायला हरकत कसली? विकणारा मुखत्यारपत्रावर आला असेल तर ते देणारा माणूस हयात आहे का ते विचारा, कारण तो गेला की सहसा मुखत्यारपत्रही संपतं. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर घर आपलं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच सांगितलं आहे.

जागा कोणाची आहे हेही बघायचं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीची नोंद. (तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा.) गायरानावर बांधलेल्या घरालाही नमुना ८ मिळतो, पण त्यानं खालची जमीन घरवाल्याची होत नाही. वर्ग २ ची जमीन असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. घर शेताच्या तुकड्यावर असेल तर तुकडेबंदीचा प्रश्न येतो, तिथं वकिलाला विचारल्याशिवाय विसारही देऊ नका. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिका निघते, ती असेल तर जरूर मागा. तालुक्याच्या वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्या. खर्च होतो, पण घरावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असला तर तो त्यातूनच कळतो.

आता पैशाचं. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला कायद्यानं बंदी आहे. विकणारा "रोखच द्या" म्हणाला तर त्याला हे सांगा, दंड घेणाऱ्यालाच होतो. पैसा बँकेतून द्या आणि चेकचा किंवा डीडीचा नंबर खरेदीखतात लिहून घ्या. शेवटची मोठी रक्कम दस्त नोंदवायच्या दिवशीच द्यायची, आधी नाही. गावात हे बोलायला संकोच वाटतो, विश्वास नाही असं वाटेल म्हणून. वाटू द्या.

नावाचं मात्र घरात नीट बोलून घ्या. राहत्या घराची खरेदी फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ही २०२१ पासून आहे. सहा लाखांच्या घराला सहा हजार वाचतात. बरोबर नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव घातलं की सवलत गेली. पूर्वी ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. माझं मत विचाराल तर हप्ते तुम्ही फेडणार असाल तर नाव एकटीचं घाला. सहा हजारांपेक्षा ते नाव मोठं आहे. शुल्क ठरतं ते सौदा आणि सरकारी दर, म्हणजे रेडी रेकनर, यातल्या जास्त रकमेवर. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. किती भरायचं ते कार्यालयात आधी विचारून या, एजंटाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका.

दस्ताचा मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या. मिळकत नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोणाचं घर, पश्चिमेला रस्ता की बोळ, हे जागेवर उभं राहून ताडून बघा. चूक राहिली तर पुढं चूक दुरुस्ती लेख करावा लागतो आणि त्यासाठी विकणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं. तो येईलच असं नाही.

कार्यालयात जाताना आधार, पॅन, फोटो आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार, त्यांच्याही आधारसह. तिथं तुमचा फोटो आणि अंगठा घेतात. दोघांनी दस्तावर सह्या केल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी हजर करायचा असतो. परत येताना मूळ दस्त आणि सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात, हे दोन्ही पिशवीत आहेत ना ते बघा. घराची किल्ली त्याच दिवशी घ्या आणि ताबा पावती लिहून घ्या. आत भाडेकरू किंवा विकणाऱ्याचं धान्य असेल तर शेवटची रक्कम द्यायच्या आधी घर रिकामं करून घ्या.

इथं बहुतेकजणी थांबतात. काम अजून राहिलेलं असतं. नोंदणी झाली म्हणून नमुना ८ वर नाव आपोआप चढत नाही. इंडेक्स टू आणि दस्ताची प्रत जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्या, त्याची पोच घ्या, मासिक सभेत विषय येईपर्यंत विचारत राहा. मिळकत पत्रिका असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात फेरफाराचा अर्ज वेगळा. जुनी घरपट्टी, पाणीपट्टी आणि लाईट बिल विकणाऱ्यानं भरल्याचा दाखला सौद्याच्या आधीच घेतलेला बरा. मीटरचं नाव महावितरणकडे बदलून घ्या.

त्या ताईंच्या दोघी नणंदा वकील बघतायत, मालकाच्या लेकी पुढच्या आठवड्यात बोलायला येणार आहेत. लेकी सह्या करायला तयार आहेत असं दिसतं, पण त्यासाठी पंचाहत्तर हजार मागतायत. गटाची बैठक बुधवारी आहे, पैशाचं तिथं ठरेल. या वेळी रक्कम दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच हातात द्यायची, एवढं मात्र ताईंनी आधीच सांगून ठेवलं आहे.