मोटारीची प्रतिबंधात्मक देखभाल

मोटारीची प्रतिबंधात्मक देखभाल म्हणजे बिघाड होण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने वाहनाची तपासणी करणे, त्यातील तेले व द्रव बदलणे आणि झिजणारे भाग निकामी होण्यापूर्वी बदलणे. बोलीभाषेत या कामाला सर्व्हिसिंग म्हणतात. मोटारीच्या अनेक भागांची झीज चालकाला जाणवत नाही. ते अखेरच्या क्षणापर्यंत व्यवस्थित काम करतात आणि मग अचानक निकामी होतात. त्यामुळे देखभालीचे वेळापत्रक केवळ लक्षणांवर अवलंबून न ठेवता कापलेले अंतर आणि लोटलेला काळ यांवर आधारलेले असते.

वेळापत्रक

प्रत्येक मोटारीचे वेळापत्रक उत्पादकाने वाहनासोबत दिलेल्या पुस्तिकेत असते. भारतातील अनेक पेट्रोल मोटारींसाठी ते १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, असे असते. कमी चालणाऱ्या मोटारीलाही काळाची अट लागू होते, कारण उभ्या वाहनातही रबर कडक होते, बॅटरी उतरते आणि ब्रेकच्या तेलात ओलावा शिरतो. केवळ जवळच्या फेऱ्यांसाठी वापरलेल्या मोटारीचे इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे पाण्याचा अंश व न जळालेले इंधन वंगणात साठते. धुळीचे रस्ते, सततची वाहतूक कोंडी किंवा टॅक्सी म्हणून होणारा वापर असल्यास ही कामे अधिक वेळा करावी लागतात.

इंजिन तेल

इंजिन तेल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे कण स्वतःत धरून ठेवते आणि गंज रोखते. उष्णतेमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते व त्यातील पूरक रसायने संपत जातात. असे तेल वेळेत न बदलल्यास त्याचा चिकट गाळ होऊन तेलाचे मार्ग बुजू शकतात. ‘५डब्ल्यू-३०’ यासारख्या खुणेतील पहिला आकडा थंडीतील आणि दुसरा इंजिन तापल्यावरची दाटता दर्शवतो.

तेलाची पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकने तपासतात. ती खालच्या व वरच्या खुणांच्या दरम्यान असावी. तेल प्रमाणाबाहेर भरल्यास त्याला फेस येऊन वंगण कमी पडू शकते. चालत्या मोटारीत तेलाचा लाल दिवा लागल्यास तेलाचा दाब घटला असण्याची शक्यता असते. अशा वेळी मोटार सुरक्षित जागी थांबवून इंजिन तत्काळ बंद करणे आवश्यक असते.

कूलंट

कूलंट हे सामान्यतः पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण असते. ते पाण्यापेक्षा अधिक तापमानाला उकळते आणि त्यातील गंजरोधक रसायने रेडिएटर व पाण्याच्या पंपाचे रक्षण करतात. ही रसायने कालांतराने क्षीण होतात. केवळ साधे पाणी वापरल्यास आत गंज चढतो व क्षार साचतात. गरम इंजिनावरील रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालील द्रव उसळून गंभीर भाजू शकते.

टायमिंग बेल्ट

काही इंजिनांत क्रँकशाफ्ट आणि झडपा उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ रबरी दातेरी पट्ट्याने साधला जातो. हा पट्टा बहुधा पूर्वसूचना न देता तुटतो. अनेक इंजिनांत अशा वेळी दट्ट्या उघड्या झडपांवर आदळून मोठी हानी होते. म्हणून तो सुस्थितीत दिसत असला तरी पुस्तिकेतील मुदतीत बदलला जातो. साखळी असलेल्या इंजिनांत अशी ठरावीक मुदत सहसा नसते, तथापि तिचे आयुष्य वेळेवर तेल बदलण्यावर अवलंबून असते.

ब्रेक

ब्रेकचे पॅड झिजल्यावर अनेक मोटारींत कर्कश आवाज येतो. ब्रेकच्या तेलाचा ऱ्हास मात्र कळत नाही. ग्लायकॉल ईथरवर आधारित हे तेल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ दर्जाच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाण्याचे प्रमाण ३.७ टक्के झाल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटाच्या लांब उतारावर सतत ब्रेक वापरल्यास ओलावा शोषलेले तेल उकळून वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जात असल्याने पायपट्टी खोल जाते, पण चाकांपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. त्यामुळे अनेक उत्पादक हे तेल दर दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस करतात. उतारावर खालचा गिअर वापरल्याने ब्रेकवरील ताण कमी होतो.

टायर

हवेचा दाब टायर थंड असताना मोजतात. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेला असतो. दाब कमी असल्यास टायरच्या बाजू अधिक वाकतात, उष्णता वाढते आणि वेगात टायर फुटण्याचा धोका निर्माण होतो. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवण्याची पद्धत यामुळेच चुकीची ठरते. खाचांमधील झीजदर्शक उंचवटे १.६ मिलिमीटर खोली उरल्याचे दाखवतात. पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आल्यास टायर बदलावा लागतो. टायरवरील चार अंकी खूण उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगते, उदाहरणार्थ ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २०२३ मध्ये वाहनांच्या टायरांची तपासणी हाती घेण्यात आली.

पावसाळापूर्व तपासणी

महाराष्ट्र व गोव्यात पावसाळ्यापूर्वी वायपरचे रबर, दिवे, टायरच्या खाचा आणि काचेखालील पाणी वाहून जाण्याची छिद्रे तपासणे महत्त्वाचे असते. किनारपट्टीवरील खारट हवेमुळे गंज लवकर चढतो, म्हणून तेथे मोटारीचा तळभाग धुणे व त्यावर गंजरोधक लेप देणे उपयुक्त ठरते.

कायदेशीर तपासणी

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर नूतनीकरणासाठी वाहनाची तपासणी होते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रात केवळ धुरातील उत्सर्जन पाहिले जाते, ब्रेक किंवा टायर नव्हे. ब्रिटनमधील एमओटी चाचणी मोटारीला तीन वर्षे झाल्यावर दरवर्षी, तर जपानमधील शाकेन तपासणी पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी होते. अशी नियमित सक्ती नसल्याने भारतात खाजगी मोटारीच्या सुस्थितीची जबाबदारी पहिली १५ वर्षे प्रामुख्याने मालकावर राहते.

विद्युत मोटारी

विद्युत मोटारीत इंजिन तेल, त्याचा फिल्टर आणि टायमिंग बेल्ट नसतो. वेग कमी करताना मोटर वीजनिर्मिती करत असल्याने ब्रेक पॅडही कमी झिजतात. टायर, ब्रेकचे तेल, केबिन फिल्टर आणि अनेक वाहनांतील बॅटरीचे कूलंट यांची देखभाल मात्र करावीच लागते.